घरचं बुद्धिबळ, वर्ष दुसरं : अठ्ठावीस डावांची नोंद

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी पहिल्यांदा बुद्धिबळाची स्पर्धा झाली ती बाद पद्धतीनं. पहिल्याच फेरीत दादाच्या छकुलीची गाठ ताईच्या बंटीशी पडली आणि चार चालींत मात होऊन ती स्पर्धेबाहेर गेली. स्पर्धा दोन दिवस चालली, ती पोर मात्र पाच मिनिटं खेळली. नंतर दिवाळीपर्यंत तिनं पटाला हात लावला नाही. चूक तिची नव्हती आणि बंटीचीही नव्हती, आखणी माझी होती. म्हणून यंदा एकच गोष्ट पक्की केली : जो हरेल त्याला त्याच रात्री पुढचा डाव मिळाला पाहिजे.

आखणी

खेळणारे आठ. आप्पा, आई, दादा, वहिनी, आत्या, मी, पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आलेला चौदा वर्षांचा बंटी, आणि सात वर्षांची छकुली. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे सात फेऱ्या आणि २८ डाव. चिठ्ठ्या टाकून १ ते ८ क्रमांक घेतले. पहिली फेरी १–८, २–७, ३–६, ४–५. पुढच्या फेऱ्यांसाठी बर्गरचा तक्ता वापरला. तो वापरला की कुणाची गाठ कुणाशी कधी पडणार आणि पांढऱ्या सोंगट्या कुणाच्या, यावरून वाद होत नाही. माणसं सात असतील तरी तक्ता आठांचाच घ्यायचा. आठव्या क्रमांकाशी ज्याची गाठ, त्याला त्या फेरीत सुट्टी. पंधरा-वीस जण जमत असतील तर सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं आवाक्याबाहेर जातं. तिथं स्विस पद्धत (ठरावीक फेऱ्या, दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ) बरी, कारण तीतही हरणारा घरी बसत नाही.

सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी डोकं चालत नाही. पारा चाळिशीच्या वर असतो, कूलरसमोर बसावं तर हलक्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या वाऱ्यानं आडव्या होतात. त्यामुळे रात्री नऊनंतर गच्चीवर, रोज दोन फेऱ्या, शेवटच्या दिवशी एक. गच्चीवरही वारा असतोच. आम्ही सोंगट्यांच्या तळाचं कापड सोडवून आत चाळलेली वाळू भरली आणि पुन्हा चिकटवलं. एका रात्रीचं काम आहे, जरूर करून बघा.

पट चार लागणार होते, घरात दोन होते. उरलेले आत्यानं शिवले. आधी तिनं जुन्या चादरीवर चौकोन शिवले. पण आपली सोलापुरी चादर जाड, तिच्यावर उंट डुलायला लागले. मग मांजरपाटावर गडद निळ्या कापडाचे ३२ तुकडे लावले आणि खाली पुठ्ठा चिकटवला. घर साडेपाच सेंटीमीटरचं घेतलं. स्पर्धेच्या पटाचं घर पाच ते साडेसहा सेंटीमीटर असतं, त्यात ते बसतं. पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, आणि वजीर स्वतःच्या रंगाच्या घरात. एवढं मुलांकडून रोज म्हणवून घेतलं.

घड्याळं म्हणजे चार मोबाइल. एअरप्लेन मोडवर टाकायला विसरू नका. दुसऱ्या फेरीत दादाला फोन आला, पडद्यावरचं घड्याळ झाकलं गेलं आणि त्या डावाची वेळ अंदाजानं लावावी लागली.

वेळेची सूट

तगड्या खेळाडूनं नवशिक्यासमोर वजीर किंवा हत्ती काढून खेळायचं, ही जुनी रीत. मला ती आता पटत नाही. वजिराशिवायचा समोरचा पट पाहून शिकणारा जे शिकतो ते पुढच्या खऱ्या डावात उपयोगी पडत नाही. आम्ही वेळ कमी-जास्त केली. बंटीला पाच मिनिटं, मला आणि दादाला दहा, आत्याला आणि वहिनींना पंधरा, आप्पा, आई आणि छकुलीला वीस. पट सगळ्यांसाठी पुरा.

पहिली आणि दुसरी फेरी : आप्पांचे नियम

आप्पा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, बुद्धिबळ तिथल्याच सोबत्यांकडून शिकले, देशी पद्धतीनं. बंटीनं दादाविरुद्ध राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं, तर शेजारच्या पटावरून आप्पा म्हणाले, "ते काय उडी मारतंय का? आमच्यात प्यादं एकच घर चालायचं." देशी खेळात किल्लेकोट, म्हणजे राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायची चाल, नव्हता. त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं जायची मुभा असायची. प्यादं शेवटच्या पट्टीवर पोचलं तरी मनाला येईल ती सोंगटी मिळत नसे, ज्या घरात पोचलं तिथली मूळची सोंगटी मिळे.

बंटीला वाटलं आप्पा मनानं रचून सांगतायत. तेव्हा मी त्याला मीर सुलतान खान यांच्याबद्दल सांगितलं. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढला, विलायतेत गेल्यावर तिथल्या पद्धतीनं खेळू लागला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. त्यांची सुरुवात कच्ची असायची, पण पट रिकामा झाला की ते भारी पडत. आप्पांचंही तसंच आहे.

स्पर्धा आजच्या नियमांनीच झाली. पण एक रात्र संपल्यावर सगळ्यांनी एकेक डाव देशी पद्धतीनं खेळला, आणि मला वाटतं नवशिक्यांना तोच जास्त सोपा गेला. डाव सावकाश उघडतो.

तिसरी आणि चौथी फेरी : हात लावला की खेळायचं

हा नियम आम्ही सगळ्यांना लावला. वहिनींना किल्लेकोट करायचा होता आणि त्यांनी आधी हत्तीला हात लावला. नियमानं हत्तीच हलवावा लागला. नवीन खेळणाऱ्यांना सांगून ठेवा : किल्लेकोट ही राजाची चाल, आधी राजाला हात, दोन घरं, मग हत्ती पलीकडे. सोंगटी नुसती सरळ करायची असेल तर हात लावण्याआधी "नीट करतो" म्हणायचं.

छकुलीसाठी मात्र सवलत ठेवली. डावाच्या सुरुवातीला तिच्यापुढं तीन शेंगदाणे. एक चाल परत घ्यायची तर एक दाणा मला द्यायचा. डाव संपल्यावर उरलेले तिचे. पहिल्या फेरीत तिन्ही दाणे दहा मिनिटांत गेले. चौथ्या फेरीत ती हात मांडीखाली दाबून बसली होती आणि तिन्ही दाणे पटाशेजारी तसेच होते. "विचार कर" असं वर्षभर सांगून जे जमलं नाही ते दाण्यांनी केलं.

आईचा डाव याच रात्रीचा. तिच्याकडे राजा आणि वजीर, वहिनींकडे ए८च्या कोपऱ्यात एकटा राजा (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं, आडव्यांना १ ते ८ आकडे). आईनं वजीर सी७वर नेला. राजाला शह नाही आणि जायला घरही नाही, म्हणजे स्टेलमेट, अर्धा-अर्धा गुण. आई खूप हळहळली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापून झाल्यावर आम्ही दोघी तेवढाच शेवट घेऊन बसलो. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर ठेवायचा आणि तो सरकेल तसं मागून सरकायचं. राजा कोपऱ्यात शिरला की मात्र वजिरानं थांबायचं. वजीर डी७वर असता तर वहिनींचा राजा ए८–बी८ एवढाच फिरत राहिला असता, आणि तोवर आईला आपला राजा जवळ आणता आला असता. तिनं हा शेवट सलग सहा वेळा बिनचूक केला.

पाचवी आणि सहावी फेरी

आप्पा विरुद्ध बंटी. हा डाव मी लिहून घेतला आहे. बंटी मोबाइलवर रोज खेळतो, सुरुवात पाठ आहे, हात वेगवान आहे. वजीर-हत्ती कटून फक्त प्यादी उरली तेव्हा त्याच्याकडे एक मिनिट होतं आणि राजा अजून किल्लेकोटाच्या घरात बसून होता. आप्पांचा राजा तोवर पटाच्या मधोमध आलेला. दोन्ही राजे एक घर सोडून समोरासमोर आले आणि चाल बंटीची होती. त्याला बाजूला सरावंच लागलं. आप्पा आत घुसले, दोन प्यादी मारली. नवशिक्यांनी हे लक्षात ठेवा : पटावर वजीर असेपर्यंत राजा लपवायचा, प्यादी उरली की त्याला लढायला बाहेर काढायचं.

सहाव्या फेरीत छकुलीनं आत्याला हरवलं. आत्याचा वजीर घोड्याच्या मारात उभा होता आणि तिनं तो पाहिला.

सातवी फेरी

चिठ्ठ्यांच्या कृपेनं छकुलीची गाठ पुन्हा बंटीशी, शेवटच्या रात्री. तिनं महिनाभर एकच बचाव घोटला होता. एफ७च्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय कुणाचा आधार नसतो, चार चालींची मात तिथंच बसते. पांढऱ्याचा वजीर एच५वर आला की आधी बी८चा घोडा सी६वर, म्हणजे ई५चं प्यादं राखलं जातं. उंट सी४वर आला की जी७चं प्यादं एक घर पुढं, वजिरालाच हुसकायचं. वजीर एफ३वर सरकला तर डोळा पुन्हा एफ७वर, मग दुसरा घोडा एफ६वर.

बंटीनं खरंच तीच चाल टाकली. ती घाबरली नाही. प्रत्येक चालीआधी ओठ हलत होते : "हा आत्ता काय मागतोय?" डाव ती हरली, पण ४१व्या चालीला. बंटीनं उठून तिच्याशी हात मिळवला आणि २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकलेल्या आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचा एक डाव तिला मोबाइलवर लावून दिला. दोघं टाकीच्या कठड्याला टेकून बारा वाजेपर्यंत तो पाहत होती.

शेवटचे गुण : बंटी सहा, आप्पा साडेपाच, मी साडेचार, दादा चार, आत्या तीन, वहिनी अडीच, आई दीड, छकुली एक.

दिवाळीसाठी शेजारची दोघं आत्ताच नाव देऊन गेली आहेत, म्हणजे दहा जण, नऊ फेऱ्या, ४५ डाव. पाच पट लागतील. आत्याकडे निळं कापड शिल्लक आहे, मांजरपाट आणायचं आहे. छकुलीला चाली लिहायला वही हवी आहे, रेघांची नको, चौकटींची.