तिथी बघून हीलवर्क: बयोची पावसाळ्यानंतरची नोंद

बयो म्हणजे आमची काळी लॅब्रेडॉर मादी. ओबीडियन्स म्हणजे कुत्र्यांच्या आज्ञापालनाची स्पर्धा, तिच्या सुरुवातीच्या वर्गाची तयारी चालू आहे. आजची स्थिती अशी: पट्ट्याशिवाय हील (माझ्या डाव्या पायाला लागून चालणं) बऱ्यापैकी, रिकॉल (हाक मारली की येणं) झकास, रिकॉलनंतर समोर बसणं अजून वाकडं आणि ग्रुप सिट (इतर कुत्र्यांबरोबर ओळीत बसून राहणं) कोरं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

पावसाळ्याचं थोडक्यात. गुहागरात जून ते ऑगस्ट बाहेर काही करणं कठीणच. हवा इतकी दमट की कुत्र्याला धापा टाकूनही गारवा मिळत नाही, कारण जिभेवरचं पाणी उडून जायलाच तयार नसतं. म्हणून पडवीतच काम केलं. बस, झोप, उभी राहा या तीन स्थिती जागच्या जागी बदलणं आणि डंबेल (कुत्र्याने तोंडात धरायची दांडी) न चावता तोंडात धरून ठेवणं, एवढंच. गणपतीत मुंबईकर मंडळी आल्यावर आरतीच्या झांजांमध्ये 'स्टे' (सांगितल्या जागी न हलता थांबणं) घेतला. उकडीच्या मोदकाचं ताट नाकासमोरून गेलं तेव्हा मान फिरली, बूड हललं नाही. मी याला पास धरतो.

खरी मजा पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, मोकळी झाल्यावर. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मैदान शोधत फिरू नये. ओहोटीची ओली, टणक वाळू हे हीलवर्कसाठी मला माहीत असलेलं सर्वांत प्रामाणिक मैदान आहे. फक्त ती केव्हा मिळेल हे भिंतीवरचं कॅलेंडर ठरवतं. आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे आपल्या कामाच्या दोन्ही वेळा गेल्या. ओहोटी भर दुपारी, तेव्हा वाळू तापलेली. पौर्णिमा-अमावास्येला उलट. उधाणाची ओहोटी पहाटे पाचच्या पुढे, उजाडतं तेव्हा वाळूचा पट्टा सर्वांत रुंद. तिथून तृतीयेपर्यंतच्या सकाळी सोन्याच्या. वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे 'सहा वाजले म्हणजे काम' अशी सवय बयोला लागलीच नाही. हा फायदा मोठा आहे. शोमध्ये आपला नंबर सकाळी लागेल की जेवणानंतर, हे रिंगवाल्यांच्या हातात असतं.

आता प्रामाणिक का म्हणालो ते. सरळ रेषेत चालायचं, एक उजवं वळण, एक डावं, एक पूर्ण मागे वळण, मग कुत्र्याला बसवून ठेवून मागे जायचं आणि ठसे वाचायचे. कुत्रं पुढे घुसत असेल, लांबून चालत असेल, सगळं लिहिलेलं असतं. बयोच्या ठशांत एक गोष्ट स्पष्ट दिसली: पुढचे पाय माझ्या पावलांना समांतर, मागचे पाय डावीकडे बाहेर. म्हणजे ती तोंड वर करून माझ्याकडे बघते तेव्हा कंबर बाहेर टाकते. व्हिडिओत हे कधी दिसलं नव्हतं. उपाय म्हणून आगरात, म्हणजे घरामागच्या नारळी-पोफळीच्या बागेत, गेलो. पोफळींची ओळ आणि मी यांच्यामध्ये तिला चालायला जेमतेम जागा, त्यामुळे कंबर आत ठेवावीच लागते. दोन पोफळींभोवती आठचा आकडाही तिथेच घेतो. डाव्या वर्तुळात ती आतल्या बाजूला असते, तेव्हा तिने वेग कमी करायला हवा. हे अजून अडखळतं. अष्टमीचे दिवस आगराचे, हे त्यातून आपोआप ठरलं.

पोझिशनवर इतका वेळ का, असं विचारणाऱ्यांसाठी: एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत प्रत्येक व्यायामाला शून्य, किंवा पाच ते दहाच्या मध्ये अर्ध्या-अर्ध्या गुणाने गुण मिळतात आणि त्याला त्या व्यायामाच्या गुणकाने गुणतात. एकूण ३२०, त्यात २५६ किंवा जास्त मिळाले की 'एक्सलंट'. अर्धा गुण गुणकाने चौपट झाला की दोन जातात. वाकड्या कंबरेचे गुण प्रत्येक थांब्यावर कापले जातात. आपण ज्या शोला जाणार त्याचं शेड्युल मात्र नीट वाचा, वर्ग आणि व्यायाम तिथूनच ठरवा.

वाळूचा एक तोटा. चौकोनात पाठवण्याचा सराव मी काठीने ३ बाय ३ मीटरची चौकट आखून सुरू केला. बयो रेघेवर जाऊन थांबू लागली, झकास! पण रिंगमध्ये गवत असतं आणि कोपऱ्यांना शंकू. म्हणून आता रेघ पुसट करत नेतो आहे, आणि पावसानंतर सड्यावर गवत आहे तोवर तिथेही (सडा म्हणजे गावावरचं कातळाचं माळरान) नेतो. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचिड तपासायचेच. गोचिड-ताप हंगाम खाऊन टाकतो.

वासाच्या कामाची, म्हणजे अनेक लाकडी तुकड्यांतून माझ्या हाताचा वास असलेला तुकडा शोधण्याची, नुसती ओळख करून दिली आहे. सुताराकडून १० बाय २ बाय २ सेंटिमीटरचे लाकडी तुकडे करून घेतले आणि आठवडाभर वाऱ्यावर ठेवले, म्हणजे त्याच्या हाताचा वास निघेल. तुकडे मांडायला स्वयंपाकघरातला चिमटा घेऊ नका. आमच्या चिमट्यावर सुका बांगडा भाजला जातो. कुठलंही कुत्रं त्या तुकड्याला 'बरोबर' म्हणेल.

शेजारचे काका रोज विचारतात, "याचा उपयोग काय रे?" त्यांना सांगितलं की १९३३ साली न्यूयॉर्कजवळ हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाईंनी, आपले पूडल नुसते शोभेचे नाहीत हे दाखवायला, अशा चाचण्या भरवल्या. काका म्हणाले, "मग नारळ राखायला शिकव."

आता ग्रुप सिट. एकट्या कुत्र्याने ते होत नाही. शेजारी अनोळखी कुत्री ओळीत हवीत, अंतर राखून, हँडलर (कुत्र्याला हाताळणारा माणूस) समोर. पुळणीवरची मोकाट कुत्री ओळीत बसत नाहीत! चिपळूण, दापोली, वेळणेश्वर, कुठलेही असाल तर येत्या अमावास्येनंतरच्या द्वितीयेला सकाळी सातला गुहागरला या. चहा-पोहे माझ्याकडे. जात कुठलीही चालेल, गावठीही, पण पट्टा आणि रेबीजची लस हवीच. माजावर असलेली मादी असेल तर आधी कळवा, तिला सगळ्यांत शेवटी घेऊ.