पुस्तकाचा पाळणा, आवृत्ती ३: कापला मेकरस्पेसमध्ये, मांडला वाचनकक्षात

पुस्तक अर्धवट उघडं धरून पानांचे फोटो काढण्यासाठीचा हा व्ही आकाराचा पाळणा. तिसऱ्या आवृत्तीत तो आता न चिकटवता जुळतो, पुन्हा सुटा होतो आणि ग्रंथालयाच्या लॉकरमध्ये आडवा मावतो. पहिल्या दोन आवृत्त्या स्कॅनर म्हणून वाईट नव्हत्या, पण त्या टेबलावर कायमच्या मांडून ठेवाव्या लागत. विद्यापीठ ग्रंथालयाच्या संशोधन कक्षात तसं चालत नाही. टेबल दोन तासांपुरतं आपलं. खालच्या मजल्यावरच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे सामायिक कार्यशाळेत, लेझर कटरवर आपल्या आधी कुणी काय कापलं, हे माहीत नसतं. म्हणून या खेपेस कसोटी एकच ठेवली: वीस मिनिटांत मांडणी व्हावी आणि सगळं गेल्या वेळच्याच जागी यावं.

रचना साधी आहे. डावा आणि उजवा असे दोन अर्धे पाळणे. प्रत्येकाला २८०×२०० मिमीचं एक पटल आणि त्याखाली तीन त्रिकोणी बरगड्या. दोन्ही पटलांमध्ये १००° कोन हवा, म्हणजे एकेक पटल आडव्यापासून ४०° वर येतं. बरगडीचा पाया १५३ मिमी आणि उंची १२९ मिमी निघते. बांधणी नाजूक असेल तर १२०° वर उघडणंच बरं. त्यासाठी ३०° च्या बरगड्यांचा दुसरा संच: पाया १७३, उंची १००. पटलं तीच राहतात. दोन्ही अर्धे १२ इंची ड्रॉवर चॅनलवर बाजूला सरकतात, कारण पानं उलटत गेलो की जाडी एका बाजूकडून दुसरीकडे जाते आणि पुस्तकाचा मणका मध्यावरून हलतो. डेमी १/८ (सुमारे १४० मिमी रुंद) आणि क्राउन १/४ (सुमारे १९० मिमी रुंद) आकाराची पुस्तकं आरामात बसतात. डेमी १/४ आकाराचे दिवाळी अंक मावत नाहीत; त्यांच्यासाठी ६००×४०० च्या लेझर बेडवर एकेक पटल वेगळं कापावं लागेल.

लेझरवर

मशीनची आपली वेळ सुरू झाली की लगेच खरा तुकडा कापायला घ्यायचा मोह होतो. तो आवरायचा. पहिली १५ मिनिटं चाचणीची.

आधी माप. १०० मिमीचा एक चौकोन फाइलमध्ये कोपऱ्यात ठेवलेलाच असतो. तो पुठ्ठ्यावर कापून व्हर्नियरने मोजायचा. ९३.७५ आला तर फाइल ९० डीपीआयची (इंचाला ९० ठिपके) आहे आणि मशीनचं सॉफ्टवेअर ती ९६ ची समजून वाचतंय. ७५ आला तर ७२ ची. इंकस्केप या आरेखनाच्या सॉफ्टवेअरने ०.९२ आवृत्तीत ९० सोडून ९६ धरलं, त्यामुळे जुन्या फाइलींत हा घोळ हमखास निघतो. मिलिमीटरमध्ये काढून डीएक्सएफ या आराखड्याच्या स्वरूपात साठवलेली फाइलही उघडताना एकक विचारते. तिथे इंच निवडलं गेलं की चित्र बेडबाहेर जातं. हे एका मशीनपुरतं नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे अशीच सामायिक यंत्रशाळा, आली तेव्हापासून अशा लॅब गावोगाव झाल्या आहेत. फाइल कुठेही नेली तरी हा चौकोन तिच्याबरोबर जाऊ द्यावा.

मग लेझरने खाल्लेली रुंदी. २० मिमीचे दहा चौकोन कापून एका ओळीत दाबून मोजायचे. एकूण १९८.२ भरले, म्हणजे प्रत्येकी ०.१८ मिमी गेलं. भिंग मळकं असेल किंवा फोकस हलला असेल तर हाच आकडा ०.२५ वर जातो, आणि तेव्हा खाच आणि फळी खुळखुळतात. आकडा एकदम वाढलेला दिसला तर फाइल बदलू नका, आधी भिंग पुसायला सांगा.

सहा मिमीचा म्हणून आणलेला एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) मोजल्यावर ५.७ निघाला. पाळणा सुटा करायचा असल्याने खाच घट्ट नको, ०.१ मिमी सैल हवी: ५.७ + ०.१ − ०.१८ = ५.६२. फाइलमध्ये खाच ५.६२ मिमी. सांधा आवळायला १:१० उताराची पाचर, त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यातून. डिंक नाही, स्क्रू नाही. पाचर उलट बाजूने हलकेच ठोकली की सगळं मोकळं.

६० वॉटच्या ट्यूबवर सहा मिमीसाठी ८ मिमी प्रति सेकंदापासून सुरुवात करावी आणि पाठीमागची रेघ पूर्ण कापली जाते का ते पाहावं. वेग कमी केला की कापतं खरं, पण कडा कोळशासारखी होते. ही काजळी हातावरून थेट पानावर जाते. म्हणून कडा ओलसर फडक्याने पुसून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायच्या आणि पटलावर मांजरपाट ताणून मागून टाके घालायचे. रबरी गोंदाने चिकटवू नये. तो पिवळा पडतो आणि चिकटपणा कापडातून वर येतो. रेक्झिनचा विचारही नको. त्यातलं पीव्हीसी लेझरखाली क्लोरीनयुक्त धूर सोडतं, त्याचं ओलाव्याबरोबर आम्ल होतं, आणि माणसाची छाती व मशीनचे रूळ दोन्ही खराब होतात. मेकरस्पेसच्या भिंतीवरचा हा नियम कुणी उगाच लिहिलेला नसतो.

आणि पुस्तक लेझरच्या खोलीत न्यायचं नाही. माप हवं तर पुठ्ठ्याचा ठोकळा न्यावा.

दाबपट्टी

पान सपाट ठेवायला वरून ५ मिमी कास्ट ॲक्रिलिकचे दोन तुकडे, प्रत्येकी २८०×२००. एकेक सुमारे ३३३ ग्रॅम. तेवढ्याच आकाराची ४ मिमी काच ५६० ग्रॅम भरते. नाजूक मणक्यावर हा फरक जाणवतो. काच ओरखडत नाही आणि धूळ ओढत नाही, हे मान्य. पण रोज लॉकरमधून काढायची वस्तू म्हणून ॲक्रिलिकच घेतलं.

इथे एक चूक फार सहज होते. लेझरचं भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, तीच बाटली हाताशी असते आणि ॲक्रिलिकही तिनेच पुसलं जातं. लेझरने कापलेल्या कडेत ताण कोंडलेला असतो. अल्कोहोल लागलं की कडेपासून आत केसासारख्या बारीक चिरा पसरतात, कधी लगेच, कधी रात्रभरात. ॲक्रिलिकला फक्त साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं. काच पुसायचे अमोनियावाले फवारेही वर्ज्य.

दोन्ही तुकडे मणक्याशी जिथे भेटतात तिथे कडा सरळ ठेवली तर शिवणीजवळच्या चार-पाच मिमी मजकुरावर जाड रेघ येते. लेझर तिरकी कडा देत नाही. म्हणून ५०° चा लाकडी ठोकळा धरून १२०, २४०, ४०० असं हाताने घासायचं. बाजारात ॲक्रिलिक चिकटवायला क्लोरोफॉर्म देतात. बंद खोलीत आणि इतरांच्या शेजारी तो नको. दोन्ही टोकांना थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या कंसांत तुकडे नुसते सरकवले आहेत.

थ्रीडी प्रिंट

यात फारसं काही नाही. पीएलए प्लास्टिक, ०.४ मिमीचं नोझल, ०.२ मिमी थर, चार भिंती, २० टक्के भराव. छापलेली भोकं नेहमी आकसतात, म्हणून ५ मिमी बोल्टला ५.४ ठेवलं. कॅमेऱ्याचा कंस आडवा झोपवून छापावा. उभा छापला तर थर बोल्टच्या ताणालाच उकलतात. पहिला थर खाली फुगतो, त्यामुळे ॲक्रिलिक ज्या खाचेत बसतं तिची खालची कडा अर्धा मिमी तिरपी कापलेली बरी. पावसाळ्यात उघडी पडलेली प्लास्टिकच्या तारेची सार्वजनिक रीळ ओल धरते. नोझलमधून फुटफुट आवाज आणि जाळी दिसली की तापमानाशी खेळू नका. रीळ ५०° सेल्सिअसला पाच-सहा तास वाळवा.

मांडणी: आरसा, मग प्रकाश

कॅमेरा एकच. आधी सगळी उजवी पानं, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. दोन कॅमेऱ्यांनी वेळ वाचतो, पण दर वेळी दोन कोन जुळवावे लागतात आणि कमावलेली मिनिटं तिथेच जातात.

कॅमेरा पानाला बरोबर लंब आहे का, हे पाहायला पटलाच्या मध्यावर खिशातला सपाट आरसा ठेवायचा. पडद्यावर लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. ते चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा लंब. पाणसळ आणि कोनमापक घेऊन दहा मिनिटं जातात, आरशाने एक. कॅमेरा ज्या नळीवर बसतो तिच्यावरच्या उंचीच्या खुणा लेझरने कोरलेल्या आहेत, त्यामुळे आरसा शेवटच्या बारीक फरकापुरताच लागतो.

आता १००° का. ९०° च्या जुन्या पाळण्यात मणक्याजवळ समोरच्या पानाची पुसट सावली उमटत होती, आणि ती प्रकाश कितीही हलवला तरी जात नव्हती. कारण प्रकाश नव्हे, कोन. लेन्स पानाच्या मध्यावर असते, त्यामुळे शिवणीजवळची दृष्टिरेषा थोडी तिरपी पडते आणि ॲक्रिलिकवरून परतताना समोरच्या पानाला जाऊन भिडते. १००° ला समोरचं पान लंबाच्या पलीकडे १०° सरकतं, म्हणजे तेवढी सूट मिळते. पण लेन्स फार जवळ आणली तर ही सूट संपते. पानाची निम्मी रुंदी भागिले अंतर हे ०.१७६ पेक्षा कमी हवं. डेमी १/८ ला निम्मी रुंदी ७० मिमी, म्हणून किमान ४०० मिमी अंतर. क्राउन १/४ ला ९५, म्हणून ५४०. कॅमेरा कायमचा ५६० वर ठेवला, प्रश्न मिटला. लेन्सभोवतीची चकचकीत कडी मात्र अजून दिसते. भोक पाडलेला काळा कार्ड लेन्सवर अडकवावा.

दिवा मणक्याच्या बरोबर वर, ५००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) ९० च्या पुढचा. वाचनकक्षाच्या छतातल्या नळ्या बंद करता येत नाहीत, म्हणून पाळण्यावर काळ्या कापडाची छत्री. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/२५ ठेवलं की पट्टे येत नाहीत. एफ/८, आयएसओ १००, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने.

मग पानाच्या जागी पट्टी ठेवून एक फोटो. १०० मिमीत १५७५ पिक्सेल भरले तर ४०० डीपीआय झाले. ३०० ला ११८१ पुरतात, आणि डोळ्यांना तेवढंच बास असतं. पण बारीक टायपातल्या तळटीपांचा रफार आणि अनुस्वार यंत्राला ४०० वरच नीट सुटे दिसतात. १२ मेगापिक्सेल कॅमेरा डेमी पानाला पुरेसा आहे.

वेग: सात सेकंदाला एक पान. दोनशे पानांचं पुस्तक दोन फेऱ्यांत पंचवीस मिनिटं. प्रत्येक फेरीचे फोटो मोजूनच पुस्तक परत करावं. दोन पानं एकदम उलटली गेली की डाव्या-उजव्यांची संख्या जुळत नाही. आणि पृष्ठांक नसलेली चित्रपानं मोजणीत धरली नाहीत तर पुढची सगळी जुळणी एकाने घसरते.

काय स्कॅन करावं याचा हिशोब आधीच करावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. अनुवादक, प्रस्तावनाकार, चित्रकार यांचा हिशोब वेगळा.

अक्षरं

फोटोतली अक्षरं शोधता येईल अशा मजकुरात आणायची. पानं स्कॅन टेलर या सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टच्या मराठी फाइलीतून काढायची, आणि तीही ‘बेस्ट’ संचातली. एक स्तंभाच्या पानाला पीएसएम (पानाची मांडणी सांगणारा पर्याय) ४, नुसत्या सलग मजकुराला ६. आधुनिक ऑफसेट छपाईवर निकाल चांगला लागतो. खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकांत दोन खिळ्यांमध्ये शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे दोन होतात. डिग्री टायपात मात्रा वेगळ्या खिळ्यावर असल्याने ती सरकून शेजाऱ्याच्या डोक्यावर बसलेली असते. काळं-पांढरं करताना थोडं जाड ठेवलं तर शिरोरेषा सांधते, पण मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एक होतात. पहिली दहा पानं दोन्ही जाडीत चालवून पाहण्याला पर्याय नाही.

शोध न लागण्याची दोन कारणं मात्र स्कॅनशी संबंधित नाहीत. एक, ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवलं जातं: नुक्त्याचा ऱ आणि विराम, किंवा साधा र, विराम आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधाला परके. सगळीकडे एकच रूप करून घ्यावं. दुसरं, अनुच्चारित अनुस्वार. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘जें’ असतं, आणि ‘नाही’ शोधणाऱ्याला त्यातलं काही सापडत नाही. मूळ मजकुरातले अनुस्वार काढू नयेत. शोधासाठी वेगळी प्रत ठेवून त्यातून काढावेत.

सध्या अडलेलं काम: १२०° च्या बरगड्या कापून झाल्या, पण त्या नव्या शीटमधून, आणि ती पावसाळी हवेत ५.९ भरली. ५.६२ च्या खाचेत ती शिरत नाही. फाइलमध्ये खाच ५.८२ केली आहे. पुढच्या वेळेला पुन्हा कापायच्या.