पेटीतला न दाबलेला पंचम

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आमच्या भजनी मंडळाची जुनी पेटी तीन पावसाळे कपाटात पडून होती. भाता फाटलेला, आतले सूर गंजलेले, पण ३७ पट्ट्या शाबूत. मी उद्यमबागेच्या कारखान्यांच्या भागात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो, म्हणून मंडळाचे पेटीवाले आबा एका एकादशीला म्हणाले, "पट्ट्याखाली बटणं बसवून काय जमंल काय, बघ की." ही पेटी त्यांच्या वडिलांनी वाजवलेली. नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

प्रत्येक पट्टीखाली एक छोटा टॅक्ट स्विच, म्हणजे दाबलं की जुळणारं बटण, बसवला. आवाज लॅपटॉपमधून काढायचा आणि पट्ट्या वाचायचं काम आर्डुइनो नॅनो या बोटाएवढ्या संगणक-बोर्डाकडे. त्याच्याकडे वायर जोडायला ३७ पिना नाहीत, म्हणून जाळी करावी लागते: आडव्या ओळी आणि उभे स्तंभ, प्रत्येक छेदावर एक स्विच. मी सरळ विचार केला, प्रत्येक सप्तकाची एक ओळ आणि १२ स्वरांचे १२ स्तंभ. शेवटची पट्टी चौथ्या ओळीत. १६ पिनांत काम झालं. नॅनो एकेक ओळ शून्य व्होल्टवर आणतो आणि कुठला स्तंभ तिच्याबरोबर खाली आला ते बघतो. बाकीचे स्तंभ नॅनोच्या आतल्या पुल-अप रेझिस्टरनं वर, म्हणजे पाच व्होल्टकडे, ओढून धरलेले असतात.

चालू केलं आणि तिन्ही सप्तकांतला निषाद (नी) एकदम ओरडायला लागला. हात न लावता! निषादाचा स्तंभ पिन १३ वर होता आणि नॅनोवर त्याच पिनेला एक छोटा दिवा, एलईडी, जोडलेला असतो. तो आतल्या पुल-अपला खाली ओढतो, मग ती पिन कायम दाबल्यासारखी दिसते. वायर ए-४ या दुसऱ्या पिनेवर हलवली आणि निषाद गप्प झाला.

खरा घोळ पुढं होता, आणि तो मला ऐकूच आला नाही. सा पांढरी एकचा धरून आबा बसले. डाव्या हातानं मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला सा, उजव्यानं मधल्या सप्तकातला मध्य सा आणि मध्य पंचम (प). मला आवाज भरदार वाटला, मी खूश. आबांनी मान हलवली. "काय वाजालंय हे? मी तीन दाबलोय, खाली चौथा कोण वाजवालाय?" ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी पेटी शिकवली, तिथल्या माणसाच्या कानातून असा सूर सुटत नाही. आबांनी मध्य सा सोडला, आणि खालचा पंचमही लगेच तुटला. तेव्हा मलाही कळलं. पंचमाऐवजी गंधार (ग) दाबला, तर मंद्र गंधार वाजायचा.

रात्री वहीच्या पानावर जाळी काढली. मंद्र सा, मध्य सा, मध्य प हे एका चौकोनाचे तीन कोपरे. नॅनो मंद्राची ओळ वाचतो तेव्हा प चा स्तंभ मध्य प मधून मध्याच्या ओळीवर उतरतो, तिथून मध्य सा मधून उलटा सा च्या स्तंभावर चढतो, आणि मंद्र सा मधून मंद्राच्या ओळीला मिळतो. चौथा कोपरा, म्हणजे मंद्र प, कुणीही न दाबता दाबल्यासारखा. 'सप्तकाला एक ओळ' ही माझी सोपी मांडणीच पेटीसाठी सगळ्यात वाईट होती, कारण दोन सप्तकांतला सा एकत्र धरणं हा पेटीवाल्याचा रोजचा हात.

आधी प्रोग्रामनंच भागवायचा प्रयत्न केला: चौकोन दिसला की नंतर आलेला चौथा सूर टाकून द्यायचा. पण मग आबांनी खरोखर दाबलेला मंद्र पंचमही जायचा. खरा कुठला आणि खोटा कुठला, ते वायरच सांगत नसेल तर प्रोग्राम कुठून ओळखणार?

उत्तर एकच, प्रत्येक स्विचला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. १एन४१४८ हा काचेचा, तांदळाच्या दाण्याएवढा डायोड स्वस्तात मिळतो. वीज स्तंभाकडून ओळीकडेच जाऊ द्यायची, म्हणजे काळी रेघ ओळीच्या बाजूला. मध्य सा मधली ती उलटी चढण तिथंच बंद होते. डायोडवर अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो, पण पाच व्होल्टच्या नॅनोला ते शून्य म्हणून वाचायला अडचण येत नाही.

दोन रात्री डाग देत बसलो. दोन पट्ट्या मुक्या निघाल्या. मल्टिमीटर डायोडवर ठेवून बघितलं, काळी रेघ उलट्या बाजूला. चष्मा लावून दोन्ही डायोड फिरवले.

तरी अधूनमधून मध्य सप्तकातला सूर वरच्या तार सप्तकातही चमकायचा. ओळ बदलल्यावर स्तंभ पुल-अपनं वर यायला थोडा वेळ लागतो, माझ्या वायरी लांब, आणि मी लगेच वाचत होतो. ओळ बदलून ३० मायक्रोसेकंद थांबायला लावलं. दाबताना स्विच क्षणभर थरथरतो आणि एकच दाब अनेकदा मोजला जातो, त्यासाठी दाब नोंदल्यावर पाच मिलिसेकंद त्या पट्टीकडं बघायचंच नाही, एवढं पुरलं.

पुढच्या एकादशीला आबांनी तेच तीन सूर धरले आणि मध्य सा सोडला. मंद्र सा आणि वरचा पंचम तेवढा राहिला. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, मग टाळकऱ्यांना खूण केली.

आता शेजारच्या मंडळाची ४२ पट्ट्यांची पेटी आलीय. चार ओळींच्या जाळीत ४८ घरं असतात, म्हणजे ओळ वाढवायची गरज नाही. डायोड मात्र पहिल्या दिवसापासून.