पिसवा चिकूवर कमी, कूलरसमोरच्या गोधडीत जास्त

आमची चिकू म्हणजे पॉमेरेनियन कुत्री, वजन साडेतीन किलो आणि त्यातही निम्मे केसच असावेत असं वाटतं. जळगावच्या उन्हाळ्यात तिची जागा फिक्स, कूलरसमोरची गोधडी. आता आपल्याकडे सगळे म्हणतात की ४४-४५ डिग्रीत कसल्या पिसवा, भाजून मरतात. बाहेर अंगणात, कोरड्या उन्हात हे खरंय, पिसवांच्या अळ्या तिथे टिकत नाहीत. पण घरात आपणच कूलर लावून गार, दमट हवा करून देतो ना, त्यांना अजून काय पाहिजे?

मुळात कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्यातला ५ टक्क्यांच्या आसपास भाग. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते, ती गुळगुळीत असतात म्हणून केसातून घरंगळून खाली पडतात, मग अळ्या, मग कोष, हे सगळं गोधडीत, सतरंजीखाली, सोफ्याच्या फटीत चालतं. कोषातली पिसू तर महिनोन्‌महिने दम धरून बसते आणि कुणाच्या पावलांची हालचाल, अंगाची ऊब जाणवली की बाहेर उडी. आखाजीला गावाला जाऊन परत आलं की बंद घरात घोट्याला चावे येतात ते यामुळेच.

ओळखायचं कसं, तर बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा, काळे कण निघाले तर ओल्या कापसावर टाका. तांबूस डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. एवढ्याशा कुत्र्याला, पिल्लाला तर जास्तच, पिसवा वाढल्या तर रक्त कमी पडू शकतं, त्यामुळे 'खाजवतंय, खाजवू दे' असं करू नका.

शेजारच्या आजी म्हणतात, "तिले रॉकेल लाव, समद्या मरी जातीन." आजींवर माझा जीव आहे पण रॉकेल नाही म्हणजे नाही, तंबाखूचं पाणी पण नाही. आणि कपाशीवर फवारायचं औषध 'थोडंसंच' पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक आहेत आपल्याकडे, ते तर सरळ विष आहे, कुत्रं चाटतं ना अंग!! डॉक्टरला वजन आणि वय सांगून फिप्रोनिल या पिसवांच्या औषधाचं स्पॉट-ऑन (कातडीवर सोडायचे थेंब, ट्यूबमध्ये येतात) किंवा पिसवांवरची गोळी घ्या. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अंदाजाने अर्धी करू नका. स्पॉट-ऑन मानेमागे केस बाजूला करून कातडीवर सोडायचं आणि त्याच्या मागेपुढे दोन दिवस आंघोळ नाही.

मग घर. गोधड्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका, उन्हाचा तेवढा तरी फायदा घ्या. सोफ्याखाली व्हॅक्यूम, नसेल तर रोज झाडू, कचरा लगेच बाहेर. औषध लावल्यावरही पुढचे काही आठवडे नवीन पिसवा दिसतील, जुने कोष फुटतायत, औषध खोटं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

शेपटीजवळ तांदळाच्या कणीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर जंताचं औषध पण विचारा, पिसू गिळली की टेपवर्म होतो. घरात मांजर असेल तर तिचाही इलाज त्याच वेळी करा, पण कुत्र्याचं औषध तिला लावू नका, त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर मरूही शकतं.