नोजलवाल्यापेक्षा पोतंवाल्याकडे बघा

साइटवर पाहुणे आले की सगळ्यांचे मोबाइल वर वळतात. पाइपरॅकवर, म्हणजे पाइपलाइनी पेलणाऱ्या उंच लोखंडी सांगाड्यावर, नोजलवाला असतो: अंगात पांढरा सूट, तोंडावर मास्क, हार्नेस हुकलेला, बीमवर राखाडी लगदा फेकतोय. फोटो झकास येतो. मी मात्र खाली मिक्सरपाशी उभी असते. फायरप्रूफिंगच्या कामात सगळ्यात जास्त धूळ खाणारा माणूस तिथं असतो, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली, आता शहराबाहेरच्या नंदेसरी-कोयली पट्ट्यातल्या प्लांटवर सेफ्टी बघते. आईला हे काम समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे लोखंडाला गिलावाच की.’ अगदी तेच. पोलाद जळत नाही, पण ५५०-६०० अंशांपर्यंत तापलं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि तेलाची आग काही मिनिटांत हजार अंशांच्या वर जाते. म्हणून सिमेंट किंवा जिप्समात व्हर्मिक्युलाइट हे हलकं खनिज मिसळून खांब-बीमवर जाड थर मारायचा. पळायला तेवढाच वेळ मिळतो.

या मालाचं पोतं हलकं असतं, म्हणून ते मिक्सरात ओतणाऱ्या हेल्परला त्याचं भयच वाटत नाही. तो कमरेच्या उंचीवर कटर मारतो आणि पोतं मिक्सरात उलटं करतो. ढग उठतो तो थेट चेहऱ्यावर. खरी गंमत पुढेच. रिकामं पोतं तो दोनदा झटकतो, छातीशी धरून दाबून हवा काढतो आणि घडी घालतो. शेवटच्या त्या फुस्समध्ये सगळ्यात बारीक धूळ असते, आणि ती नाकापासून वीतभर अंतरावर. ‘बेन, आ तो लोट छे लोट,’ असं दाहोदकडच्या एका पोराने मला हसत ऐकवलं होतं.

पीठ! गोध्र्याच्या क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत झाबुआ-आलिराजपूरकडून आलेले आदिवासी मजूर अशीच पांढरी पूड श्वासात घेत होते. सिलिकोसिसने, म्हणजे त्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, गेलेल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये गुजरात सरकारला केली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पैसे द्यायला लावले. आमचा माल म्हणजे क्वार्ट्झ नव्हे, हे कबूल. पण फुप्फुसाला ‘हलकी’ धूळ वगैरे कळत नाही. आणि पूर्वी याच फवाऱ्यात अॅस्बेस्टॉस असायचा, फुप्फुसाचा कॅन्सर करणारा खनिज धागा. अमेरिकेने तो १९७३ मध्ये बंद केला. तिथल्याच मॉन्टाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाइटमध्येही अॅस्बेस्टॉस निघाला होता. त्यामुळे ‘अॅस्बेस्टॉस नाही’ हे कागदावर लिहून आल्याशिवाय मी गाडी उतरवू देत नाही. ठेकेदार तोंड वाकडं करतो. करू दे.

उपाय साधे आहेत. मिक्सरात आधी पाणी. पोतं जाळीवर टेकवायचं, मगच फाडायचं. वाऱ्याकडे पाठ. रिकामं पोतं झटकायचं नाही, तोंड पलीकडे करून गुंडाळायचं. आणि गमछा नव्हे, आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२ मास्क, तोही दाढी केलेल्या चेहऱ्यावर. दाढीवर मास्क म्हणजे देखावा.

पण मास्क खाली का येतो, हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नाही. तंबाखू-सुपारीचा मावा! तोंडात मावा असला की थुंकावं लागतं, थुंकायचं तर मास्क हनुवटीवर. वर सिमेंटच्या हातानेच मावा चोळलेला. ओरडून काही होत नाही, मी करून बघितलंय. आता मिक्सरवरच्या माणसाला दर तासाला बदली देतो. हात-तोंड धुऊन तो सावलीत काय खायचं ते खातो. त्याने फरक पडला.

बाकी धोके पटकन. माल वर नेणारा होस चोक होतो तो बहुधा जेवणानंतर. मे महिन्याच्या उन्हात माल पाइपात बसतो. पंप बंद, दाब उतरवला, गेज शून्यावर, मगच क्लॅम्प उघडायचा. तोंड पाइपासमोर कधीही नाही. डोळ्यात उडालं तर चोळायचं नाही, निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि दवाखान्यात. हार्नेसच्या हुकात लगदा सुकला की त्याची खिट्टी नीट मिटत नाही. संध्याकाळी हुक धुणं हा कामाचाच भाग. आणि खाली सांडणारा माल झेलायला जे प्लॅस्टिक अंथरतात, त्याच्याखाली फ्लोअरमधलं भोक असेल तर ते दिसेनासं होतं. आधी प्लायवूड ठोकायचं, त्यावर लाल रंग मारायचा, मग प्लॅस्टिक.

शेवटी गाडी पैशावर अडते. हे काम चौरस मीटरच्या दराने जातं, त्यामुळे तासाची बदली, धुण्याचा वेळ, रोजचे नवे मास्क हे सगळं ठेकेदाराच्या खिशातून. तो कापणारच. म्हणून या वेळी टेंडरच्या वेळीच अडून बसले: मास्क, पाणी आणि मिक्सरवरचा जादा माणूस या तीन वेगळ्या ओळी दरपत्रकात हव्यात. खरेदीवाल्या साहेबांनी पहिल्यांदा खोडल्या. मी परत घालून पाठवल्या आहेत.