शेरेबुक आणि स्कॉटलंडची पाहुणी

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या रविवारी फोन केला आणि ख्यालीखुशाली आटोपताच मुद्द्याला हात घातला. तिची थोरली मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे भारतात येऊन गरीब मुलांच्या शाळांमधील शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे आहे. राहायला ठाण्यात आमचे घर आहेच, तेव्हा "मावशी, तू फक्त शाळा बघ," असे भाचीचे म्हणणे. मी लगेच होकार दिला नाही आणि तिला ते लागले, हे आवाजावरूनच कळले. असे फोन मला वर्षातून तीन-चार तरी येतात आणि प्रत्येक वेळी मी अर्धवट उत्तर देते, म्हणून या वेळी सविस्तर लिहून ठेवते आहे.

नौपाड्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि शहापूर, मुरबाड तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर काम करणाऱ्या एका लहानशा गटात दुभाषी म्हणून शिरले. परदेशातील शिक्षक स्वखर्चाने यायचे, आमच्या शिक्षकांसाठी शिबिरे घ्यायचे आणि त्यांचे इंग्रजी मराठीत व आमच्या गुरुजींचे मराठी इंग्रजीत करण्याचे काम माझ्याकडे असायचे.

पहिल्या वर्षी आम्ही जे केले त्याची आज मला लाज वाटते. ठाण्यात एक वातानुकूलित सभागृह मिळाले, वरून पत्र निघाले आणि चाळीस शिक्षक दोन दिवसांसाठी हजर झाले. रंगीत कार्डशीट, चमकी, लॅमिनेशनचे यंत्र, बर्फातल्या घरांची आणि स्ट्रॉबेरीची चित्रे असलेली कार्डे, टाळ्या वाजवत म्हणायची गाणी, असा सगळा सरंजाम होता. शिक्षक हसले, नाचले, गटचर्चेत बोलले आणि अभिप्रायाच्या कागदावर बहुतेकांनी "अतिशय उपयुक्त" असे लिहून दिले. दोन महिन्यांनी मी त्यांपैकी सहा शाळांत गेले, तेव्हा दोन ठिकाणी ती कार्डे मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर भिंतीला चिकटवलेली होती, एका ठिकाणी "खराब होतील म्हणून" कपाटात कुलूपबंद होती आणि उरलेल्या तिघांनी विषयच बदलला. याहून वाईट गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. बोलावलेल्यांपैकी बरेच जण द्विशिक्षकी शाळांतील होते आणि त्या दोन दिवसांत त्यांच्या शाळेतील सगळ्या इयत्ता मागे राहिलेल्या एकट्या शिक्षकाने सांभाळल्या होत्या. म्हणजे शिकवण्याचे दोन दिवस आम्हीच खाल्ले होते.

बाहेरच्या माणसाला हे चटकन समजत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असायला हवा. पाड्यावरच्या शाळेत मुले पन्नास आणि शिक्षक दोन असतील तर कागदावर प्रमाण अगदी बरोबर दिसते, पण त्या पन्नास मुलांच्या चार-पाच इयत्ता असतात आणि एकेका शिक्षकासमोर एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. तिसरीला वजाबाकी चालू असते तेव्हा पहिली काय करते, हा त्या शिक्षकाचा दिवसभराचा प्रश्न असतो. त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि अमुक तारखेच्या आत पाठवायचे फोटो यांची भर पडते. प्रशिक्षणांचा तर तुटवडा नाहीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असे म्हटले आहे. तेव्हा आणखी एक शिबिर घेऊन येणारा पाहुणा, मग तो स्कॉटलंडचा असो की पुण्याचा, गुरुजींना आणखी एक पत्र आल्यासारखाच वाटतो.

स्कॉटलंडचे नाव उगाच घेतले नाही. दुसऱ्या वर्षी तिथली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आमच्याकडे चार आठवड्यांसाठी आली. तिची निम्मी नोकरी एका बेटावरच्या शाळेत झाली होती, जिथे सगळ्या इयत्ता मिळून अकरा मुले एकाच खोलीत बसत. तिने आल्या आल्या शिबिराला नकार दिला. "मला आधी एका वर्गात बसू दे," एवढेच म्हणाली. मग आम्ही दोघी रोज सकाळी ठाण्याहून कसारा लोकलने आसनगावला उतरायचो आणि तिथून काळीपिवळी जीपने शाळेच्या फाट्यापर्यंत जायचो. पुढचे वीस मिनिटांचे अंतर पायी.

पहिल्या दिवशी गुरुजींनी तिच्यासाठी ऑफिसातली खुर्ची आणून ठेवली होती. ती सर्वांत मागे, मुलांच्या सतरंजीवर, गुडघा धरत धरत बसली आणि मधल्या सुट्टीपर्यंत हलली नाही. सुट्टी होताच गुरुजींनी कपाटातून शेरेबुक काढले, पेन उघडले आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवले. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने त्यात शेरा लिहायचा असतो, हे मी तिला समजावले. तिने विचारले, "आधीच्या लोकांनी काय लिहिले आहे?" मी पाने उलटत एकेक शेरा इंग्रजीत सांगत गेले: टाचण अद्ययावत ठेवावे, पोषण आहार नोंदवही पाहिली, परसबागेकडे लक्ष द्यावे, स्वच्छतागृहाच्या दाराची दुरुस्ती करून घ्यावी, उपस्थिती समाधानकारक. पाच वर्षांचे शेरे वाचून झाले आणि त्यांत गुरुजींनी शिकवलेल्या एकाही पाठाबद्दल एक ओळदेखील नव्हती. गुरुजींची नोकरी तेव्हा सोळा वर्षांची झाली होती. तिने वही मिटली, परत दिली आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, मला लिहायचे काही नाही. पण वजाबाकीबद्दल एक विचारायचे आहे."

विचारायचे ते असे. गुरुजी प्रश्न विचारत आणि मनातल्या मनात एक म्हणून होईपर्यंत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. मुले ते उत्तर सुरात परत म्हणत. हा काही आमच्या गुरुजींचा खास दोष नव्हता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले होते की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलू लागतात. मी एकतीस वर्षे एकच सेकंद थांबत आले असणार, हे मला तिथे सतरंजीवर बसून कळले. ठरले असे की गुरुजींनी प्रश्न विचारला की पाहुणीने मागे बसून तीन बोटे एकेक करून उघडायची आणि तिसरे बोट उघडेपर्यंत गुरुजींनी गप्प राहायचे.

पहिले दोन दिवस फारच वाईट गेले. गुरुजी गप्प झाले की मुलांना वाटायचे, सर रागावले. पुढच्या ओळीतली मुले खाली बघायची आणि पहिलीतला एक जण तर रडायला लागला. तिसऱ्या दिवशी बावन्न वजा सत्तावीस या उदाहरणावर तिसरीतल्या एका मुलीने "पस्तीस" असे उत्तर दिले. गुरुजींच्या तोंडावर "चूक" आलेच होते, पण बोट अजून उघडायचे होते म्हणून थांबले आणि थांबल्यामुळेच बहुधा त्यांनी विचारले, "कसे काढलेस, बाळा?" ती म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." तिने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले होते. गुरुजींनी वर्गाला विचारले, असे आणखी कोणी केले आहे? नऊपैकी सहा पाट्या वर आल्या. हातचा शिकवून दोन आठवडे झाले होते आणि सुरातली उत्तरे रोज बरोबर येत होती.

त्या दुपारी चिंचोके आणि काटक्यांच्या दहा-दहाच्या जुड्या काढल्या गेल्या. जुडी सोडून दहा सुट्या काटक्या करणे यात नवीन काहीच नव्हते. ते गुरुजींना डी.एड. ला शिकवले होते आणि त्यांनी ते पाहुणीपेक्षा झकास करून दाखवले. पाहुणीची भर तीन बोटांपुरतीच होती.

तिला मात्र आमच्याकडून बरेच शिकावे लागले. संख्यांचे खेळ ती इंग्रजीवरून बेतून आली होती. इंग्रजीत आधी दशक उच्चारतात आणि मग एकक, त्यामुळे ऐकलेले तसेच डावीकडून लिहिता येते. मराठीत "सत्तावीस" म्हणताना सात आधी येतो, म्हणून श्रुतलेखनात मुले बहात्तर लिहून बसतात. आणि "एकोणतीस" ऐकल्यावर तर तीस कानावर पडूनही वीसच्या घरातली संख्या लिहायची असते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस सात" अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, ते आठवत असेलच. मीही तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत होते. त्या वर्गात पाहुणीला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत धडपडताना पाहिल्यावर माझे मत थोडे मऊ झाले, एवढे कबूल करते. वाचनाचेही तेच. इंग्रजीची सुटे ध्वनी जोडण्याची तिची पद्धत देवनागरीला तशीच लागू होईना, कारण आपल्या "क" मध्ये "अ" आधीच बसलेला आहे आणि "कि" लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते पण उच्चारताना नंतर. दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःची कार्डे पिशवीत भरून ठेवली.

परदेशी माणसाने आपल्याकडे येऊन शिक्षक घडवू नयेत, असे माझे मत आहे असा कोणी अर्थ काढू नये. बालशिक्षणाची स्वतःची पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला प्रशिक्षणवर्ग घेण्यासाठी आल्या, युद्धामुळे इथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत राहून त्यांनी हजाराहून अधिक शिक्षक तयार केले. पण त्यांची पद्धत आपल्या पाड्यावर कशी पोचली, हे पाहायला हवे. ही पद्धत आपल्याकडे वापरू लागलेल्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या शिक्षणतज्ज्ञांनी १९२६ मध्येच नूतन बालशिक्षण संघ काढला होता. मॉन्टेसरींची सुबक लाकडी साधने गरीब मुलांच्या शाळेला परवडणारी नाहीत हे ताराबाईंनी ओळखले, १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये सहकारी अनुताई वाघांसह कोसबाडला गेल्या आणि बिया, पाने, खडे, शंख-शिंपले यांतून तीच साधने उभी केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा चालवली. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहेत, पण २०१४ पर्यंत ती ठाण्याचीच होती, त्यामुळे आम्ही ठाणेकर त्यांच्यावर अजून हक्क सांगतो. पद्धत इटलीची होती. ती रुजवायला वीस-वीस वर्षे तिथेच राहणारी माणसे लागली.

आता भाचीच्या मुलीकडे येते. तिची सुट्टी मेमध्ये सुरू होते आणि आमच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. जुलैत भातलावणी असते, तेव्हा मोठी मुले शेतावर किंवा धाकट्या भावंडांपाशी असतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पट अर्ध्यावर येतो. मधले ऑगस्ट-सप्टेंबर हेच खरे शिकवण्याचे महिने, आणि त्यांत तिचे कॉलेज सुरू झालेले असेल. बरोबर तिच्या कोणी परदेशी मैत्रिणी येणार असतील तर त्यांनी हेही पाहून ठेवावे की ई-टूरिस्ट व्हिसावर मोबदला न घेता स्वयंसेवी काम करता येते, पण जास्तीत जास्त एक महिना. मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढायचे असतील तर आमच्याकडे येऊच नये. या बाबतीत मी फटकळ आहे.

आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने सोळा वर्षे शिकवलेल्या माणसाला काय प्रशिक्षण द्यावे? हे तिच्या आईला फोनवर म्हणायला जीभ रेटली नाही. तिला करण्यासारखी कामे मात्र आहेत. आजवर आलेल्यांत शाळेतल्या शिक्षकांना सर्वांत प्रिय झालेला स्वयंसेवक ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करणारा एक मुलगा आहे, जो महिन्यातल्या दोन शनिवारी येतो, शाळेची ऑनलाइन माहिती भरून देतो आणि निघून जातो. त्याने कुणालाही काहीही शिकवले नाही. त्याच्यामुळे शिक्षकांना महिन्याकाठी दीड-दोन दिवस वर्गात जास्त मिळतात. भाचीच्या मुलीने त्याच्या शेजारी बसून ते काम करावे आणि उरलेला वेळ मागच्या सतरंजीवर बसावे, असे मी आज तिला कळवते आहे. रुचले तर येईल.

पाहुणी लागोपाठ तीन वर्षे त्याच शाळेत आली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला खाली बसता येईना, तेव्हा थांबली. गुरुजींची मागच्या वर्षी बदली झाली. दूरच्या शाळेवर गेले, पण तिथे त्यांनी शेजारच्या वर्गातील शिक्षकाला बोटे धरायला बसवले आहे, असे मध्यंतरी फोनवर सांगत होते. त्यांच्या जागी आलेल्या बाई तरुण आहेत, नोकरीचे तिसरे वर्ष. परवा गुरुवारी मी एकटीच कसारा लोकलने गेले. "किती दिवसांचे प्रशिक्षण आहे?" असे त्यांनी दारातच विचारले. प्रशिक्षण नाही, मागे बसू का, एवढेच मी म्हणाले. बाईंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, मग आत जाऊन कपाट उघडले आणि शेरेबुक व पेन आणून माझ्यासमोर ठेवले.