लुइस गावात रुळताना: जानेवारीतल्या चिखलापासून पाच नोव्हेंबरच्या मशालींपर्यंत

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ट्रेन पकडली की तासाभरात लुइस येतं. बहुतेक पाहुणे उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी उतरतात, किल्ल्यावर जातात, जुन्या वस्तूंच्या दुकानांत रेंगाळतात, चहा-केक घेतात आणि संध्याकाळी परत. माझं स्पष्ट मत आहे की अशा दुपारी लुइस दिसतं, कळत नाही. ससेक्समधलं हे गाव जेमतेम १७ हजार वस्तीचं, पण त्याचं स्वतःचं एक वर्ष आहे, आणि त्या वर्षात आपण काही काम अंगावर घेतलं तरच गाव आपल्याला आत घेतं. मी कशी आत गेले ते सांगते. परदेशात नव्या गावी जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

नवऱ्याला ब्रायटनला नोकरी लागली आणि आम्ही लुइसला घर घेतलं ते ऐन जानेवारीत. चार वाजता अंधार, पावसाची रिपरिप, ओळखीचं कुणी नाही. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, पहिल्याच आठवड्यात दारात येऊन म्हणाल्या, "किल्ला आत्ताच बघून घ्या. उन्हाळ्यात तो तुमचा राहणार नाही." आम्ही गेलो आणि वर खरंच आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

१०६६मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि त्यानंतर लगेचच विल्यम द वॉरेन या नॉर्मन सरदाराने हा किल्ला उभारला. त्यासाठी मातीचे दोन कृत्रिम टेकाड रचले. एकाच किल्ल्याला अशी दोन टेकाडं इंग्लंडमध्ये लुइसखेरीज फक्त लिंकनला आहेत. पुढचा भव्य दरवाजा चौदाव्या शतकातला. त्याच्या भिंतीजवळ जाऊन बघा. सगळा चकमकीचा दगड, एकेक हाताने फोडून बसवलेला. फोडलेली बाजू काळी, काचेसारखी तुळतुळीत आणि भोवती खडूची बारीक पांढरी कड. या भागातले डोंगर खडूच्या दगडाचे, आणि चकमक त्या खडूतच सापडते. सह्याद्रीचा कातळ बघत वाढलेल्या माणसाला हे बांधकाम पटकन पटत नाही, इतके लहान लहान तुकडे, पण सातशे वर्षं उभं आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये करण्यासारखं एकच: गावातल्या बोळांतून फिरणं. इथे त्यांना 'ट्विटन' म्हणतात. दोन उंच भिंतींमधून उताराने खाली जाणाऱ्या, दोन माणसं जेमतेम मावतील अशा वाटा. डोंगरावर तेव्हा इतका चिखल असतो की बूट धुण्यातच संध्याकाळ जाते.

याच दिवसांत मुख्य रस्त्यावरच्या 'बुल हाउस'समोर मी थांबले. माणसाच्या हक्कांवर लिहिणारा विचारवंत टॉमस पेन इथे राहायचा. १७६८ साली तो दारू-तंबाखूवरचा कर गोळा करणारा साधा अधिकारी म्हणून लुइसला आला, १७७१मध्ये घरमालकाच्या मुलीशी लग्न केलं, 'व्हाइट हार्ट' नावाच्या खानावळीत संध्याकाळी वाद घालायचा, आणि १७७२मध्ये आपल्या खात्यातल्या लोकांना पगार वाढवून मिळावा म्हणून निवेदन लिहिलं. १७७४ साली नोकरी गेली आणि तो अमेरिकेला निघून गेला. त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' पुढे १७९१-९२मध्ये आलं. तेच पुस्तक १८४७च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं, आणि पुढच्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. मी पुण्याची. भिडेवाड्यासमोरून किती वेळा गेले असेन. त्या विचारांचा एक धागा या बुटक्या लाकडी घरातून, कर गोळा करणाऱ्या एका माणसाच्या वादविवादातून निघालाय हे कळलं त्या दिवशी मला या गावाबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. तुम्ही आलात आणि एकच जागा बघायला वेळ असेल तर किल्ला सोडा, इथे या.

मला गावात खरं रुजवलं ते मात्र बॉनफायर सोसायटीने, म्हणजे पाच नोव्हेंबरची मशालींची मिरवणूक काढणाऱ्या इथल्या मंडळाने.

पाच नोव्हेंबर साऱ्या इंग्लंडमध्ये साजरा होतो. १६०५ साली राजासह पार्लमेंट उडवून देण्याचा काही कॅथलिकांचा कट त्या दिवशी उघडकीला आला. लुइसमध्ये त्याला आणखी एक पदर आहे. कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात, १५५५ ते १५५७ या काळात, १७ प्रॉटेस्टंट माणसांना या गावात जिवंत जाळलं. त्यातले दहा एकाच दिवशी, २२ जून १५५७ला. आज जिथे टाउन हॉल आहे त्याच्यासमोर. म्हणून इथल्या मिरवणुकीत १७ जळते क्रूस निघतात. सगळी व्यवस्था गावातल्या सोसायट्या करतात, प्रत्येक आपापल्या भागाची. वर्गणी, कार्यकर्ते, पिढ्यान्‌पिढ्या एकाच सोसायटीत असलेली घराणी, शेजारच्या सोसायटीशी चढाओढ: आपल्याकडच्या गणेश मंडळांत वावरलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

वसंतात, आजींच्याच शब्दाखातर, आम्ही आमच्या भागातल्या सोसायटीच्या बैठकीला गेलो. फी भरली, नावं लिहिली. मग एका काकांनी विचारलं, "फक्त मिरवणुकीत चालणार, की काम पण करणार?" मी काम म्हटलं. तिथून पुढे वर्षाला आकार आला.

एक गोष्ट मला आधी विचारायची होती आणि मी ती विचारली. एका सोसायटीच्या मिरवणुकीत आजही 'नो पोपरी' असा पोपविरोधी फलक असतो, आणि १६०५मध्ये पोप असलेल्या पाचव्या पॉलचा पुतळा जाळतात. हे कॅथलिक शेजाऱ्यांना कसं वाटत असेल? आमच्या काकांचं उत्तर असं की हा चारशे वर्षांपूर्वीच्या सत्तेचा निषेध आहे, आजच्या माणसांचा नाही. आणि आमची सोसायटी तो फलक नेत नाही. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. तो फलक मला आजही खटकतो आणि हे मी सोसायटीतही बोलते. कुणी मला त्यावरून गप्प केलेलं नाही.

मे महिन्यात गाव उघडतं. १४ मे १२६४ रोजी सिमन द मॉन्टफर्ट या बंडखोर सरदाराने इथे तिसऱ्या हेन्री राजाचा पराभव केला. गावाच्या वरच्या अंगाला ऑफमची टेकडी आहे, तिथून त्याचं सैन्य उतरलं. राजा खालच्या मठात अडकला आणि त्याला तह करावा लागला. पुढच्या वर्षी मॉन्टफर्टने जी सभा बोलावली तिच्यात शहरांचे प्रतिनिधीही बसले. पार्लमेंटच्या इतिहासात तिला मोठं स्थान आहे. मेमधल्या कोरड्या सकाळी त्या टेकडीवर चढा, मग मठाच्या अवशेषांपर्यंत उतरा. अख्खी लढाई पायांना कळते. मठाचे अवशेष मोडकेच आहेत. आठव्या हेन्रीने तो पाडला, आणि १८४५मध्ये रेल्वेही थेट त्याच्यातून नेली. ते रूळ खणताना वॉरेन आणि त्याची बायको गुंड्राडा यांच्या अस्थींच्या शिशाच्या पेट्या सापडल्या.

मेमध्येच पेल्स पूल उघडतो. १८६० साली बांधलेला, झऱ्याच्या पाण्याचा उघडा तलाव, भोवती झाडं आणि हिरवळ. पाणी गार म्हणजे हाडात शिरणारं गार. पहिल्यांदा उतरताना श्वास अडकतो. कडेला धरून हळूहळू खांद्यांपर्यंत जायचं आणि श्वास मोजत पोहायला लागायचं, हे मला तिथल्या नेहमीच्या बायकांनी शिकवलं. जूनपासून मी सकाळी तिथेच असायचे आणि माझ्या निम्म्या ओळखी त्या पाण्यात झाल्या.

ग्लाइंडबोर्नचं ऑपेरागृह गावापासून जवळ आहे. १९३४मध्ये जॉन क्रिस्टी यांनी आपल्या वाड्याला लागून ते सुरू केलं. मे ते ऑगस्ट तिथे महोत्सव असतो, आणि लुइस स्टेशनवर भर दुपारी काळ्या सुटातले पुरुष आणि झगझगीत कपड्यांतल्या बायका खाण्याच्या टोपल्या घेऊन बसची वाट बघत असतात. मधली सुट्टी दीड तासाची, त्यात हिरवळीवर जेवायचं. तिकिटं महाग, पण उभं राहून बघायची स्वस्त मिळतात. मी पैठणी नेसून गेले आणि डब्यात कोथिंबीर वडी नेली. गाणं मला सगळं उमजलं असं नाही, पण त्या गायिकेचा दमसास मी विसरणार नाही.

जूनमध्ये एका रविवारी ब्रायटनजवळ पॅचम इथे 'छत्री' या स्मारकापाशी कार्यक्रम असतो. हे आपल्या प्रत्येकाने बघायला हवं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमधल्या आणि आसपासच्या इस्पितळांत होते. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना या डोंगरावर अग्नी दिला. त्याच जागी संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या वास्तुविशारदाचा, आणि अनावरण १ फेब्रुवारी १९२१चं. गाडी तिथवर जात नाही, शेतातून चालत जावं लागतं. जवळच्या दगडावर ती ५३ नावं कोरली आहेत. मी ती सगळी वाचली, मोठ्याने.

उन्हाळा उतरू लागला की सोसायटीचं काम. मशाली बांधायच्या. लाकडी दांड्याच्या टोकाला गोणपाटाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, वरून तार आवळायची, पीळ द्यायचा. पट्टी सैल राहिली तर जळताना सुटून शेजारच्याच्या अंगावर पडेल, म्हणून काका प्रत्येक मशाल हातात घेऊन ओढून बघायचे. नंतर रॉकेलमध्ये बुडवून निथळायला ठेवायच्या. अंगाला तो वास दोन-दोन दिवस राहतो. एका सोसायटीला अशा हजारो लागतात. पोशाखही शिवायचा: आडव्या पट्ट्यांची जाड जर्सी, प्रत्येक सोसायटीचे रंग वेगळे, पांढरी पँट, लाल टोपी. अंगावर सुती किंवा लोकरी कापडच हवं. नायलॉनवर ठिणगी पडली तर ते कातडीला चिकटतं. सप्टेंबरपासून दर शनिवारी ससेक्समधल्या कुठल्या ना कुठल्या गावाची मिरवणूक असते आणि सोसायट्या एकमेकींकडे जातात. मी मशाल धरून चालायला शिकले ते तिथे. वाऱ्याकडे पाठ, हात लांब, नजर पुढच्याच्या केसांवर.

पाच नोव्हेंबरला दुपारीच दुकानांच्या काचांवर प्लायवुड ठोकलं जातं, रस्ते बंद होतात, संध्याकाळी ट्रेन लुइसला थांबत नाहीत. मग अंधार पडतो आणि त्या अरुंद चढाच्या रस्त्यावरून आगच आग. कानठळ्या बसवणारे फटाके सतत. कानात बोळे घालावेच लागतात. लोखंडी गाड्यांवर डांबराची जळती पिंपं ओढत नेतात. विझत आलेली मशाल रस्त्यावर टाकायची, मागून येणारे कार्यकर्ते ती गाड्यात भरतात. मध्येच युद्धस्मारकाशी सगळं थांबतं. पुष्पचक्रं वाहतात, बिगुल वाजतो आणि हजारो माणसं निःशब्द उभी राहतात. तिथे माझ्या हातातली मशाल मीच बांधलेली होती. पट्टी शेवटपर्यंत सुटली नाही. काकांनी मान डोलावली, आणि मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी गाव झाडून काढायचं काम असतं. त्यालाही जावं.

डिसेंबर बराचसा घरात जातो. फक्त नाताळनंतर 'स्नोड्रॉप' नावाच्या पबपर्यंत एक फेरी मारा. २७ डिसेंबर १८३६ रोजी मागच्या कड्यावरून बर्फ कोसळून तिथल्या घरांतली आठ माणसं दगावली. ब्रिटनमधली ही सर्वांत भीषण हिमस्खलनाची घटना. या मऊ हिरव्या डोंगरांकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही.

भारतातून आई-बाबांना आणणार असाल तर मे किंवा जून निवडा. दिवस लांब, वाटा कोरड्या, छत्रीचा कार्यक्रमही साधता येतो. गुडघे दुखत असतील तर कीअर स्ट्रीटच्या गोट्यांच्या उताराला नेऊ नका. पाच नोव्हेंबरला बाहेरून लुइसला येऊ नये असं गावाचंच सांगणं असतं. गर्दी आणि आग यांच्यामुळे लहान मुलांना घेऊन तर नकोच. मिरवणूक बघायचीच असेल तर ऑक्टोबरमधल्या एखाद्या शनिवारी ससेक्समधल्या छोट्या गावची बघा, तिथे रस्त्याच्या कडेला नीट उभं राहता येतं. त्या गावच्या सोसायटीची कार्यक्रमपत्रिका विकत घ्या. त्याच पैशांतून पुढच्या वर्षीचं गोणपाट येतं.